स्पीड रॅम्पमधला झटका नेमका कुठून येतो

स्पीड रॅम्पला (क्लिप चालू असतानाच तिचा वेग हळूहळू कमी-जास्त करणं) कीफ्रेम (त्या क्षणाचा आकडा पक्का करणाऱ्या खुणा) टाकले, दोन्ही बाजूंना ईज दिला, तरी क्लिप हळू होताना शेवटी झटका बसतोच. किंवा ऐन मोक्याच्या जागी चित्र क्षणभर गोठतं आणि मग पुढे सरकतं. अशा वेळी लोक हँडल (कर्व्ह वाकवणारी दांडी) आणखी लांब ओढतात, कर्व्ह आणखी गोल करतात, आणि गोष्ट आणखी बिघडते. कर्व्ह दिसायला गोल असणं आणि वेग गुळगुळीत बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यासमोर उघडलेला आलेख वेगाचा आहे की वेळेचा, हे आधी ओळखायला हवं. ते एकदा कळलं की सॉफ्टवेअर कुठलंही असो, फारसं अडत नाही.

वेगाच्या आलेखात आडवी टाइमलाइन असते आणि उभा वेग, टक्क्यांत. १००% म्हणजे नेहमीचा वेग, ५०% म्हणजे निम्मा. प्रीमियर प्रोमध्ये टाइम रिमॅपिंग निवडल्यावर क्लिपवर दिसणारी आडवी रेघ ही वेगाची रेघ. वेळेच्या आलेखात उभ्या बाजूला वेग नसतो. मूळ क्लिपमधली कितवी फ्रेम या क्षणी दिसतेय ते असतं. आफ्टर इफेक्ट्समधलं टाइम रिमॅप आणि दाविंची रिझॉल्व्हमधला रीटाइम फ्रेम कर्व्ह हे या जातीचे. इथे वेग म्हणजे रेघेचा चढ. आडवी रेघ म्हणजे फ्रीझ, खाली जाणारी रेघ म्हणजे क्लिप उलटी चालणार.

आता ईज देताना काय होतं ते बघा. ईज म्हणजे कीफ्रेमपाशी कर्व्ह आडवा करणं. वेगाच्या आलेखात कर्व्ह आडवा झाला की वेग त्या पातळीवर हळुवारपणे स्थिरावतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. वेळेच्या आलेखात कर्व्ह आडवा झाला की वेग शून्य होतो, म्हणजे चित्र थांबतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइम रिमॅपचे कीफ्रेम निवडून एफ९ (ईजचा शॉर्टकट) दाबलं की क्लिप प्रत्येक कीफ्रेमवर श्वास घेतल्यासारखी अडते, त्याचं कारण एवढंच. पोझिशन आणि स्केलवर हात बसलेले लोक सवयीने इथेही एफ९ दाबतात.

आफ्टर इफेक्ट्स: शून्याच्या जागी खरा आकडा

लेअर निवडून कंट्रोल+ऑल्ट+टी (मॅकवर कमांड+ऑप्शन+टी) दाबलं की टाइम रिमॅप सुरू होतं आणि क्लिपच्या सुरुवातीला आणि शेवटाला एकेक कीफ्रेम येतो. शेवटचा कीफ्रेम क्लिपच्या अखेरच्या फ्रेमच्या एक फ्रेम पुढे बसतो. त्यामुळे त्यावर नेऊन बघितलं तर चित्र रिकामं दिसतं. शेवटाला फ्रेम धरून ठेवायची असेल तर एक फ्रेम आधी नवा कीफ्रेम टाका आणि तो टोकाचा काढून टाका.

रॅम्प जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे कीफ्रेम टाकून ग्राफ एडिटर उघडा आणि आलेख स्पीड ग्राफवर आणा. इथे एकक सेकंद प्रति सेकंद असतं: १ म्हणजे १००%, ४ म्हणजे ४००%, ०.२५ म्हणजे २५%. कीफ्रेम निवडून कंट्रोल+शिफ्ट+के दाबलं की कीफ्रेम व्हेलॉसिटीची चौकट येते. एफ९ ने तिथे वेग ० आणि इन्फ्लुएन्स (हँडलची लांबी) ३३.३३% असा भरलेला असतो. शून्य खोडून खरा वेग लिहा. ४००% वरून २५% वर यायचं असेल तर पहिल्या कीफ्रेमच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही बाजूंना ४, दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना ०.२५. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा असणं हाच गुळगुळीतपणा. एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ३.२ राहिलं, तर व्हॅल्यू ग्राफवर (म्हणजे वेळेच्या आलेखावर) जेमतेम जाणवेल असा कोपरा असतो, पण पडद्यावर तो झटका दिसतो.

दुसरा सापळा जास्त चोरटा. वेळेच्या आलेखात दोन कीफ्रेमच्या मध्ये किती मूळ फुटेज संपायचं हे आधीच ठरलेलं असतं. ते फुटेज आणि तुम्ही मागितलेले वेग यांचा मेळ बसला पाहिजे. अंदाज सोपा आहे: सुरुवातीचा वेग अधिक शेवटचा वेग, भागिले दोन, गुणिले रॅम्पची लांबी. ४००% वरून २५% वर एका सेकंदात यायचं तर २.१२५ सेकंद फुटेज लागतं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या फुटेजमध्ये साधारण ५३ फ्रेम. दोन कीफ्रेमच्या मध्ये तुम्ही एकच सेकंद फुटेज ठेवलंत आणि टोकांना ४ आणि ०.२५ असे वेग लिहिलेत, तर कर्व्हला हिशेब जुळवण्यासाठी मध्येच शून्याखाली जावं लागतं. क्लिप क्षणभर उलटी सरकते. इतकं थोडं उलटं जाणं डोळ्याला उलटं म्हणून कळत नाही, नुसती थरथर वाटते, आणि माणूस तासभर रेंडर सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो. स्पीड ग्राफ शून्याच्या रेषेखाली कुठे गेलाय का, हे आधी बघा. गेला असेल तर हँडलशी खेळू नका. दुसरा कीफ्रेम टाइमलाइनवर अलीकडे आणा किंवा त्याची व्हॅल्यू पुढच्या फ्रेमवर न्या.

प्रीमियर प्रो

इथे आलेख वेगाचा असल्यामुळे गोठण्याचा धोका नाही. क्लिपवरच्या एफएक्स खुणेवर राइट क्लिक, टाइम रिमॅपिंग, मग स्पीड. ट्रॅकची उंची भरपूर वाढवा, नाहीतर रेघ हाताला लागत नाही. रेघेवर कंट्रोल (मॅकवर कमांड) धरून क्लिक केलं की कीफ्रेम पडतो. त्याच्या उजवीकडची किंवा डावीकडची रेघ वर-खाली ओढून वेग ठरवा. शिफ्ट धरलं तर आकडा ५-५ ने सरकतो. सध्या हा वेगबदल एका फ्रेममध्ये होतोय, म्हणजे हा रॅम्प नाही, पायरी आहे. आता कीफ्रेमचा अर्धा भाग धरून बाजूला ओढा. दोन अर्धांच्या मध्ये करडा पट्टा आणि तिरकी रेघ दिसेल. त्या पट्ट्यावर क्लिक केलं की निळं हँडल येतं. ते फिरवलं की तिरकी रेघ एसच्या आकाराची होते. फुटलेला कीफ्रेम अख्खा हलवायचा असेल तर ऑल्ट धरून ओढा.

लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. रॅम्प रुंद केला की क्लिपची एकूण लांबी बदलते, म्हणून पुढे संगीताशी जुळवलेला मेळ बिघडतो. आधी रॅम्प पक्का करा, मगच पुढच्या क्लिप लावा. दुसरं, टाइम रिमॅपिंग फक्त चित्रावर चालतं. जोडलेला आवाज मूळ वेगानेच वाजत राहतो. तो आधीच वेगळा करून ठेवा.

निळं हँडल कर्व्हला दोन्ही टोकांना सारखंच वाकवतं, आणि इथेच प्रीमियरचा रॅम्प कमी पडतो. वेगातला फरक डोळ्याला वजाबाकीने जाणवत नाही, पटीने जाणवतो. ४००% वरून १००% हा चौपट बदल, आणि १००% वरून २५% हाही चौपटच. पण ४०० वरून २५ पर्यंत वेग एका सेकंदात सरळ रेषेत उतरवला, तर १००% गाठायलाच ०.८ सेकंद जातो. उरलेला चौपट बदल शेवटच्या ०.२ सेकंदात कोंबला जातो, २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर जेमतेम ५ फ्रेममध्ये. झटका नेहमी हळू टोकालाच का बसतो, त्याचं उत्तर या हिशेबात आहे. दोन्हीकडे सारखा वाकलेला एस या टोकाला थोडा सावरतो, पण मुळातली विषमता तशीच राहते.

उपाय: मध्ये १००% चा एक टप्पा ठेवा. एकाच्या जागी दोन रॅम्प, ४०० ते १०० आणि १०० ते २५, टाइमलाइनवर दोघांना जवळपास सारखी लांबी. मधला १००% चा सपाट तुकडा शक्य तितका आखूड करा. या जोडीत तिरक्या रेघा सरळच राहू द्या. दोन्हींना एसचं वळण दिलं तर वेग १००% वर येऊन क्षणभर स्थिरावतो आणि पुन्हा उतरू लागतो. जिना उतरताना मध्येच सपाट पायरी लागावी तसं वाटतं. सरळ रेघांचा दुमडलेला उतार कागदावर ओबडधोबड दिसतो, पण पटीच्या हिशेबाला तोच जास्त जवळचा.

आफ्टर इफेक्ट्समध्ये किंवा रिझॉल्व्हमध्ये टोकांचे हँडल वेगवेगळे असतात, तिथे एवढी कसरत नको. हळू टोकाचं हँडल लांब, वेगवान टोकाचं आखूड, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

रिझॉल्व्ह

एडिट पेजवर क्लिप निवडून कंट्रोल+आर दाबा, क्लिपखालच्या वेगाच्या आकड्याशेजारच्या बाणातून ॲड स्पीड पॉइंट निवडा, मग क्लिपवर राइट क्लिक करून रीटाइम कर्व्ह उघडा. आधी दिसतो तो रीटाइम फ्रेम कर्व्ह, वेळेचा. कर्व्हच्या वरच्या पट्टीतल्या यादीतून रीटाइम स्पीड सुरू करा आणि काम त्यावर करा. वेग इथे पायऱ्यांसारखा दिसतो. पॉइंट निवडून पट्टीतलं बेझियरचं बटण दाबलं की पायरीचा उतार होतो आणि हँडल हाताला येतात. फ्रेम कर्व्ह सोबत चालू ठेवला तर एक फायदा: वेगाचं हँडल ओढताना तिकडे रेघ कुठे सपाट पडतेय किंवा खाली वळतेय ते लगेच दिसतं.

फायनल कटमध्ये कमांड+आर ने रीटाइम एडिटर, हवं तिथे शिफ्ट+बी ने वेगाचा तुकडा पाडायचा, आणि दोन तुकड्यांमधली करडी पट्टी ओढून संक्रमण लांब-आखूड करायचं. कर्व्हचा आकार हातात नसतो. घाईच्या कामाला ठीक. मोबाइलवरच्या कॅपकटमध्ये कर्व्ह ०.१ पट ते १० पट इतका मोठा पल्ला देतो, आणि त्याचे तयार नमुने बहुतेक क्लिपना फार उंच असतात. कस्टम घ्या, जास्तीचे बिंदू काढून टाका, आणि लागोपाठच्या दोन बिंदूंमध्ये चौपटीहून मोठी उडी ठेवू नका.

किती लांब, आणि कुठे

२५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ५-६ फ्रेमचा रॅम्प झटक्यासारखाच दिसतो, कर्व्ह कितीही सुंदर असो. १० ते १५ फ्रेममध्ये चटपटीत बदल होतो, खेळ किंवा नाचाच्या शॉटला शोभेल असा. कॅमेरा स्वतः सरकत असेल तर २५ ते ४० फ्रेम द्या, कारण तिथे सगळी पार्श्वभूमीच वेगबदल सांगत असते. कॅमेरा स्थिर आणि एकच माणूस हलतोय अशा शॉटमध्ये बराच आडदांड रॅम्पही खपून जातो.

जागा निवडताना बहुतेकजण हळू भागाचा कीफ्रेम बरोबर मुख्य क्षणावर ठेवतात: चेंडूला पाय लागतो ती फ्रेम, उडीचं शिखर. उशीर होतो. वेग उतरत असतानाच क्षण निघून जातो. रॅम्प त्या क्षणाच्या ३ ते ५ फ्रेम आधी संपलेला हवा, म्हणजे नजर स्थिरावते आणि मग घटना घडते. परत वेगात जाताना मात्र घाई चालते. वेग वाढवण्याचा रॅम्प वेग उतरवण्याच्या रॅम्पच्या निम्म्या लांबीचा असला तरी खटकत नाही.

दोन क्लिप रॅम्पने जोडायच्या असतील, म्हणजे पहिलीच्या शेवटी वेग वाढवून कट आणि दुसरीच्या सुरुवातीला तोच वेग उतरवत न्यायचा, तर टक्के जुळवून भागत नाही. पडद्यावर चित्र किती वेगाने सरकतंय ते जुळायला हवं. एका क्लिपमध्ये कॅमेरा हळू पॅन झालाय आणि दुसरीत झपकन, तर ६००% आणि ६००% जुळवूनही कट दिसेल. कटच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या फ्रेममध्ये एखादी उभी कड किती सरकते ते डोळ्याने मोजा आणि टक्के त्याप्रमाणे कमी-जास्त करा. दिशा उलट असेल तर जुळणार नाहीच, प्रयत्न सोडा.

कर्व्ह निर्दोष आहे, तरी अडखळतंय

मग दोष फ्रेममध्ये आहे. टाइमलाइनचा फ्रेमरेट भागिले फुटेजचा फ्रेमरेट, हा आकडा म्हणजे एकही फ्रेम दोनदा न दाखवता जाता येईल असा सर्वांत कमी वेग. २४ च्या टाइमलाइनवर ६० चं फुटेज ४०% पर्यंत, १२० चं २०% पर्यंत. २५ वर ५० चं ५०% आणि १०० चं २५% पर्यंत. याच्या खाली गेलात की फ्रेमची पुनरावृत्ती सुरू. रॅम्पचं हळू टोक शक्यतो याच आकड्यावर ठेवा. ४०% चालत असताना ३५% करण्याने नाट्य वाढत नाही, थरथर मात्र वाढते.

वेगवान टोकालाही हाच हिशेब लागतो. ६० चं फुटेज २४ वर १००% ने चालवलं तर दर फ्रेमला अडीच मूळ फ्रेम पुढे जायचं असतं. अडीच फ्रेम असं काही नसतं, म्हणून कधी दोन, कधी तीन, आणि नेहमीच्या वेगातच लंगडेपणा येतो. १२० चं फुटेज असेल तर बरोबर पाच. उतारावर सगळे अधलेमधले वेग असतात, तिथे हा लंगडेपणा टळत नाही, पण तो भाग इतका थोडा वेळ असतो की चालतं.

फुटेज आधीच इंटरप्रिट करून (म्हणजे फाइल २४ चीच आहे असं समजायला सॉफ्टवेअरला सांगून) २४ वर आणलं असेल तर सगळे आकडे बदलतात: १२० चं फुटेज मग १००% वर पाचपट हळू असतं आणि नेहमीचा वेग ५००% वर. हे चालतं, पण रॅम्पसाठी मूळ फ्रेमरेट तसाच ठेवणं कमी डोकेदुखीचं.

फोनवरच्या फुटेजमध्ये फ्रेमरेट बऱ्याचदा बदलता असतो. मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडून फ्रेम रेट मोड बघा. व्हेरिएबल दिसलं तर हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेटवर फाइल नव्याने काढून घ्या आणि मग एडिटिंगला बसा. फ्रेमच असमान अंतराने आल्या असतील तर कुठलाही कर्व्ह त्या सरळ करू शकत नाही.

ऑप्टिकल फ्लो नव्या फ्रेम रचतो. पिक्सेल एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेले याचा अंदाज बांधून. एक वस्तू दुसरीच्या आड गेली की अंदाज चुकतो: एकमेकांना ओलांडणारे पाय, अंगासमोरून जाणारा हात, कुंपण, चाकाच्या काड्या, पाण्याचे तुषार. कडा मेणासारख्या वितळतात. म्हणून अख्ख्या क्लिपवर लावण्यापेक्षा मर्यादेखालचा भागच वेगळा कापून त्यावर लावा. क्लिपमध्ये मूळचाच कट असेल तर तिथे एक चित्र दुसऱ्यात विरघळताना दिसेल. आधी तिथे क्लिप तोडा. प्रीमियरमध्ये ऑप्टिकल फ्लो निवडल्यावर टाइमलाइन रेंडर केल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही, त्यामुळे रेंडरआधीच निकाल देऊ नका. रिझॉल्व्हमधला स्पीड वार्प जास्त स्वच्छ, पण तो स्टुडिओ आवृत्तीतच मिळतो आणि वेळ खातो.

वेगवान भाग तुटक, टोचरा दिसत असेल तर शटर (एकेक फ्रेम टिपायला कॅमेऱ्याने घेतलेला वेळ) बघा. १२० फ्रेमला १/२४० चं शटर ठेवून घेतलेल्या फ्रेम जवळपास धूसरपणाविना असतात. हळू चालवताना हे छान. पण त्याच फ्रेम नेहमीच्या किंवा चौपट वेगाने दाखवल्या की २४ फ्रेमच्या चित्रात अपेक्षित असलेला १/४८ चा धूसरपणा तिथे नसतो. वेगवान भागावर फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) लावून थोडं भागतं. आफ्टर इफेक्ट्समधला पिक्सेल मोशन ब्लर किंवा रीलस्मार्ट मोशन ब्लर हे खरं औषध. प्रीमियरमधल्या ट्रान्सफॉर्म इफेक्टचा शटर अँगल इथे कामाचा नाही. तो त्या इफेक्टने केलेली हालचालच धूसर करतो, फुटेजमधली नाही.

शेवटी स्टॅबिलायझर, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट. प्रीमियरमध्ये वार्प स्टॅबिलायझर आणि वेगबदल एकाच क्लिपवर चालत नाहीत, म्हणून क्लिप नेस्ट करतात, म्हणजे तिला वेगळ्या सिक्वेन्समध्ये (आतल्या टाइमलाइनमध्ये) घालतात. पण टाइमलाइनवर नुसतं राइट क्लिक करून नेस्ट केलं की आतली सिक्वेन्स बाहेरच्या टाइमलाइनचा फ्रेमरेट घेते. १२० चं फुटेज २४ च्या नेस्टमध्ये गेलं की पाचपैकी चार फ्रेम तिथेच गळतात, आणि मग २०% वर उरलेली एकेक फ्रेम पाचपाचदा दिसते. त्याऐवजी प्रोजेक्ट पॅनलमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून न्यू सिक्वेन्स फ्रॉम क्लिप घ्या, म्हणजे सिक्वेन्स १२० चीच बनते. स्टॅबिलायझर आत लावा, ती सिक्वेन्स मुख्य टाइमलाइनवर नेस्ट म्हणून आणा, आणि रॅम्प बाहेर करा.